'सातवी खिंड' चालेल का?

१२ ऑक्टोबर

सकाळपासून एकच गिऱ्हाईक, तेही प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून घ्यायला. दुपारी तोलकुन आला. आत शिरताना दाराशी ठेवलेल्या खोक्याला अडखळला आणि शिवी खोक्यालाच घातली.

'सातवी खिंड' या गेमचा तिसरा भाग येतोय. महिन्याभरात. पहिले दोन भाग आम्ही शाळा बुडवून खेळलो होतो. तिसरा येणार येणार म्हणता म्हणता आम्ही चाळिशीला टेकलो.

"माझ्या कॉम्प्युटरवर चालेल का?" त्याने विचारलं.

त्याचा कॉम्प्युटर मीच जोडून दिलेला. कंपनीने काय काय लागेल ते जाहीर केलंय, ते वाचलं आणि म्हटलं, "सुरू होईल. चालणार नाही."

"त्यात फरक काय?"

"तुझ्या टॅक्सीचं इंजिनही सुरू व्हायचंच की. म्हणून तिच्यात दहा माणसं कोंबून बूम घाटाची चढण चढवलीस का कधी?"

"चढवलीय."

"मग?"

"मग त्यातल्या चौघांना ढकलायला खाली उतरवलं."

हसलो दोघं. टॅक्सी त्याने गेल्याच महिन्यात विकली. रात्री बिश्केकला जायचा कंटाळा आला म्हणतो. आता चुलत भावाच्या टायरच्या दुकानात बसतो. आळशी झालास, असं मी त्याला तोंडावर म्हटलं.

त्याला नीट समजावून सांगितलं. मार्चमध्ये नवी ग्राफिक्स कार्डं येतील, जुन्यांचे भाव उतरतील, तोवर कंपनीही गेममधल्या चुका निस्तरेल. वसंतापर्यंत थांब.

"आपल्या कराकोलमध्ये वसंत उशिराच येतो, उर्मात."

"यायचा राहतो का कधी?"

तो मघाचं खोकं पायाने चाचपत चाचपत बाहेर गेला.

या गावात मी 'चालेल' म्हटलं की चालतं. ती अब्रू अशीतशी मिळालेली नाही. दोस्तासाठीही मी अंदाजाने 'हो' म्हणणार नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

तोलकुनकडे गेलो होतो, त्याचं यंत्र तपासायला. त्याच्या बायकोने, चोल्पोनने, कणकेचे बोरसोक तळले होते, जर्दाळूचा मुरंबा काढला होता. ती मला 'अवा', म्हणजे दादा, म्हणते. सख्खा थोरला भाऊ तिला नाही. तिने तोलकुनच्या डाव्या बाजूने चहाचा पियाला पुढे केला तर त्याचा हात आला तो सरळ पियाल्यावर आदळला. चहा सांडला. चोल्पोनने काही न बोलता पुसलं आणि दुसरा पियाला त्याच्या हातात दिला, बोटं मिटेपर्यंत सोडला नाही. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली तरी एवढं कौतुक! माझी बायको मीर्गुल मला सोडून गेली त्याच्या आधीचं वर्षभर आमच्याकडे चहा ज्याचा त्याने ओतून घ्यायचा.

कॉम्प्युटरचं झाकण काढलं. धूळ कोंबडीच्या पिसांएवढी. साफ केली. स्क्रीनवरची अक्षरं त्याने भलतीच मोठी करून ठेवलीत आणि माऊसचा बाण तर पळीएवढा. "आजोबा झालास लेका," म्हणून मी सगळं पहिल्यासारखं करायला गेलो, तर म्हणाला, "राहू दे. मला तसंच आवडतं." स्क्रीन अंधारी दिसते अशी त्याची तक्रार. मी बघितलं, उजेड शेवटच्या टोकाला लावलेला होता. स्क्रीनला काही झालेलं नाही.

मग अंदाज यावा म्हणून जुना दुसरा भाग लावला. सेकंदाला तीस चित्रं पडली की डोळ्याला हालचाल सलग वाटते. त्याच्याकडे चाळीस पडत होती. तरी तोलकुन तीनदा मेला! तिन्ही वेळा लांडगा बाजूने आला आणि हा तिकडे वळलाच नाही. शाळेत याच्या मागे उभं राहून पोरं बघायची, कारण याला लांडगा सापडायचा, लांडग्याला हा नाही.

"यंत्र जुनं झालं," तो म्हणाला.

मलाही तेच वाटतं. आकडा चाळीसचा दिसत असला तरी मध्येच कुठेतरी चित्र अडत असणार. कार्ड मरायला टेकलंय. त्याच्यावर नवा गेम? नावच नको. निघताना तसं स्पष्ट सांगितलं. चोल्पोन दारापर्यंत आली. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तिने नुसते उरलेले बोरसोक बांधून दिले.

२१ नोव्हेंबर

गेम आला. आज दुकानात माझ्या तपासणीच्या यंत्रावर घेतला. मुद्दाम तोलकुनकडे आहे तसलंच जुनं कार्ड त्यात बसवलं. या गेममध्ये यंत्राची कुवत जोखायला एक छोटा तुकडा दिलाय: सकाळची वेळ, घारीने उडत जावं तसे आपण खिंडीवरून जातो आणि समोर तो बर्फाचा डोंगर. कोपऱ्यात आकडा दिसतो. अठरा. बर्फ पडायला लागलं की अकरा. माझा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला.

तोलकुन दुपारी आला तेव्हा तेच चालू होतं. स्टूल ओढून नाक काचेला लागेल इतक्या जवळ बसला. तुकडा संपला.

"पुन्हा लाव."

लावला. संपला.

"पुन्हा."

किती वेळा लावला कोण जाणे. मी कोपऱ्यातला आकडा बघत होतो. तो दर वेळी अकरालाच येत होता. शेवटी मी म्हटलं, "बघितलंस ना? नाही चालत."

"मला अकरा पुरे."

"अकराला गेम म्हणत नाहीत. तो फोटोंचा अल्बम झाला."

"मग अल्बम दे."

वर फळीवर एक चांगलं कार्ड होतं, तळ्याकाठच्या हॉटेलवाल्याने सांगून ठेवलेलं. त्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते बसव. त्याला सांग, अजून आलं नाही." मी ऐकलं नाही. एक तर शब्द दिलेला. शिवाय त्या कार्डाला पॉवर सप्लाय बदलावा लागेल, मग कॉम्प्युटरचा डबाही पुरणार नाही, आणि चार महिन्यांनी तेच अर्ध्या भावात मिळेल. मूर्खपणा करू नकोस म्हटलं.

तो उठला. टोपी घातली. "तुझं बरोबरच असतं नेहमी," म्हणाला. "तुझ्याशी भांडायलाही काही मिळत नाही बघ."

मला हे कौतुक वाटलं. लिहिताना मात्र तसं वाटत नाहीये.

९ डिसेंबर

आज अजबच. चोल्पोन एकटी दुकानात आली, बाजाराची पिशवी घेऊन. बसली नाही.

"अवा, तो गेम कसाही करून आत्ताच चालू करता येईल का? त्यांच्यासाठी?"

बायका माझ्याकडे येतात त्या नवऱ्याचा गेम बंद करून द्या म्हणून सांगायला! मी तिला सगळं शांतपणे समजावलं. कार्ड म्हणजे काय, रॅम कशाला लागते, पॉवर सप्लाय का बदलावा लागतो, मार्चचं काय. ती मान हलवत राहिली.

"तसं नाही, अवा. मार्चपर्यंत ते..."

तेवढ्यात पोस्टातला माणूस बंद पडलेला प्रिंटर काखेत मारून आला. मी वळून बघितलं तोवर ती गेली होती.

संध्याकाळी तोलकुनला फोन केला. "काय रे, बायकोला वकील केलंस?"

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "ती आली होती? काय म्हणाली?"

"मार्चपर्यंत थांबवत नाही म्हणे तुला."

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. रागावला असावा. माझ्यावर की तिच्यावर, कळलं नाही.

२८ डिसेंबर

काल दिवेलागणीला तोलकुन रस्त्याकडेच्या पाटात पडला. घोटा सुजलाय. आज बघायला गेलो. "किती ढोसली होतीस?" मी विचारलं. म्हणाला, "झाली थोडी जास्त." चोल्पोन स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही.

त्याच्या टायरच्या दुकानाशेजारच्या न्हाव्याने मला सांगितलं की पडल्यावर त्यानेच याला उचललं, आणि वास तर कसलाच येत नव्हता. मग खोटं का बोलला? पिऊन पडलो असं खोटं सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

हॉटेलवाला आज कार्ड घेऊन गेला.

१७ जानेवारी

बिश्केकहून येणारा माल आणायला टॅक्सी स्टँडवर गेलो होतो. तिथे गाड्यांचे नंबर लावणाऱ्या तुर्सुन-एजे, सगळ्यांच्या ताई, सगळ्यांना ओळखतात. थंडीने लाल झालेलं नाक पुसत म्हणाल्या, "तोलकुनच्या डोळ्यांचं काय म्हणाले रे मोठे डॉक्टर?"

"कसले डोळे?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अरे, तू त्याचा दोस्त ना?"

स्टँडवर सगळ्यांना ठाऊक आहे. सप्टेंबरपासून. त्याच्या काकांना होता तोच रोग, घराण्यातला. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मग उरलेलं. म्हणून टॅक्सी विकली. औषध नाही. काका शेवटची कित्येक वर्षं भिंतीला हात लावून चालायचे, हे मी स्वतः लहानपणी बघितलंय.

माल न घेताच परत आलो. दुकान उघडलं नाही. चहाचा पियाला, लांडगे, तो पाट, सगळं माझ्या समोर होतं, आणि मी कार्ड तपासत होतो.

१९ जानेवारी

काल जायचा धीर झाला नाही. आज गेलो. चोल्पोनने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि आत वळून म्हणाली, "त्यांना कळलं."

तोलकुन खिडकीजवळ बसला होता, उन्हात.

"कोणी, तुर्सुन-एजेंनी?" तो म्हणाला. "तिच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू स्क्रू काढायची पेटी घेऊन मलाच दुरुस्त करायला बसला असतास. बाकी सगळे माझा हात धरून रस्ता ओलांडून देतात, उर्मात. मला आळशी म्हणणारा कुणीतरी एक हवा होता."

 आता किती दिसतं, ते विचारलं. बोटांचं कडं करून त्याने डोळ्यापुढे धरलं. यर्टच्या गोल तंबूत आडवं पडल्यावर माथ्यावरच्या भोकातून आभाळ दिसतं, तेवढं. नोव्हेंबरात बरंच जास्त दिसायचं. डॉक्टर म्हणाले, वसंतापर्यंत राहिलं तर नशीब.

"तू एकदा जरी म्हणाला असतास..."

"म्हणालो की. अल्बम दे म्हणालो."

तो हे सहज म्हणाला. सहज म्हणाला म्हणूनच जास्त लागलं.

२४ जानेवारी

हॉटेलवाल्याकडे गेलो आणि कार्ड परत मागितलं. "विकलंस की उसनं दिलं होतंस?" म्हणून तो आधी तणतणला. कारण सांगितल्यावर स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला आणि कार्ड काढून दिलं. पॉवर सप्लाय माझ्या दुकानातल्या यंत्राचा काढला, रॅमही त्याचीच. तोलकुनच्या घरी त्याच्या यंत्रात सगळं बसवलं; डबा पुरत नव्हता तर झाकण काढून ठेवलं, उघडं. गेम मी डिस्कवर भरूनच नेला होता.

अठ्ठेचाळीस. बर्फातही चाळीसच्या खाली नाही.

ज्याला मी तीन महिने अशक्य म्हणत होतो ते एका दुपारचं काम होतं. त्यातही मध्ये जेवायला उठलो होतो.

तोलकुन समोर बसला. चोल्पोन दारात उभी. संगीत सुरू झालं, वारा सुरू झाला, घोड्याच्या टापा. मी स्क्रीनकडे बघतोय. अंगावर काटा यावा असं चित्र. चांदणं, काळी झाडं, लांबवर मशाली.

तोलकुन म्हणाला, "सुरू झाला का?"

गेम रात्री सुरू होतो. त्याला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. मी उजेड वाढवला, आणखी वाढवला, सगळी रात्र राखेसारखी पांढरट केली. तो मान इकडेतिकडे करून शोधत राहिला आणि मग त्याने हात मांडीवर ठेवले.

"तो तपासणीचा तुकडा लावू? त्यात सकाळ आहे."

"तो बघून झाला. मला तिथे जायचंय." मग जरा वेळाने, "सकाळ कधी होते यात?"

मला ठाऊक नव्हतं. मी शेकडो गेम तपासलेत. पहिल्या पाच मिनिटांच्या पुढे गेल्या दहा वर्षांत एकही खेळलेलो नाही.

२७ जानेवारी

त्याच्याकडे बसून रात्र ओलांडायचा प्रयत्न करतोय. माझे हात म्हणजे लाकूड. पुलावर रखवालदार आहेत, ते दर वेळी मला मारतात. तोलकुन शेजारी बसून ऐकतो आणि टोमणे मारतो. "मेलास ना? आवाजावरून कळतं. तू मरताना बटणं फार जोरात दाबतोस."

दुकान दुपारनंतर बंद असतं. लोक कुरकुरतायत. कुरकुरू देत.

३१ जानेवारी

आज पूल ओलांडला. त्यानंतर जंगल, आणि एकदम समोर फटफटायला लागलं. मी ओरडलोच. तोलकुन आतल्या खोलीतून चाचपडत आला, मी खुर्ची सोडली, त्याची बोटं बटणांवर नेऊन ठेवली. ती आपोआप जागेवर बसली.

स्वतः घोडा हाकत तो खिंडीत गेला. वाटेत दोनदा कड्यावर आदळला, मी तोंड मिटून बसलो. वर पोचल्यावर थांबला. डोंगर समोर होता, कोवळ्या उन्हात, संपूर्ण. तो माऊस अगदी हळू सरकवू लागला. आधी शिखर. मग खांदा. मग हिमनदी. मग पुन्हा वर. असा तुकड्या-तुकड्याने डोंगर त्याने त्या भोकासमोरून नेला.

"नोव्हेंबरात तुझ्या दुकानात शिखर आणि पायथा एकदम दिसला होता," तो म्हणाला.

दोष देत नव्हता. आठवण काढत होता.

चोल्पोन त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी बाहेर येऊन लाकडं फोडली. त्यांच्याकडे फोडलेली लाकडं भरपूर होती.

२२ फेब्रुवारी

मध्ये लिहिलं नाही. तो रोज थोडं खेळायचा, फक्त दिवसाउजेडी असलेल्या जागी. गेल्या आठवड्यापासून खुर्चीत बसतो, पण बटणांना हात लावत नाही. काल बिश्केकला डॉक्टरांना दाखवून आले. विचारलं नाही. चोल्पोनने यंत्रावर एक स्वच्छ फडकं टाकलंय.

१४ मार्च

नवी कार्डं आली. जुन्यांचे भाव उतरले. कंपनीने गेममधल्या चुका निस्तरल्या. आज तपासलं, आता तोलकुनच्या जुन्या कार्डावरही तो बत्तीसने चालतो. ऑक्टोबरात मी म्हटलं होतं ते शब्दाशब्दाने खरं ठरलं.

कुणाला सांगू?

२१ मार्च

नूरूझ, नव्या वर्षाचा सण. रस्त्यावर सगळीकडे मोड आलेल्या गव्हाच्या सुमलकच्या कढया, धूर, पोरांचा दंगा. तोलकुन अंगणात खुर्ची टाकून बसला होता, नवा कोट घालून. ऊन कुठून येतंय ते कळतं, म्हणाला, बाकी नाही.

मी खूप दिवस मनात घोळवलेलं बोलायला लागलो. नोव्हेंबरातच मी ते कार्ड दिलं असतं तर...

"गप," तो म्हणाला. "आज सणाचा दिवस आहे. दिलं असतं तर मी बघितलं असतं, दिलं नाहीस म्हणून बघितलं नाही. आता तू रडलास तर मी तुला समजवायचं, असं काम मला नको."

मग सुमलक खाल्लं. त्याने मला माफ केलंय असं मला वाटत नाही. तसं पुन्हा विचारायचंही नाही, एवढं कळलं.

१२ एप्रिल

त्याचा आपणहून फोन. "ये, पुढचं काय होतं ते बघू." 'बघू' म्हणाला.

गेलो. चोल्पोनने फडकं काढून ठेवलं होतं. मी खेळायचं, तो शेजारी पाय पसरून, पियाला पोटावर धरून. चित्रात काय दिसतं ते मी सांगू लागलो तर म्हणाला, "वर्णन नको. तू नुसता खेळ. लागेल तिथे मी विचारतो." टापांच्या आवाजावरून दगड की बर्फ ते त्याला कळतं. लांडगे कुठून येतायत ते माझ्याआधी त्याला कळतं. "डावीकडे, मूर्खा, डावीकडे." आज मी एकदाही मेलो नाही.

खिंडीपलीकडे उतरलो तर खाली तळं. निळं, काठाला बर्फ, अगदी आपल्या इस्सिक-कुलसारखं. घोडा थांबला. मीच थांबवला. मला पुढचं दिसेना. डोळ्यांत पाणी भरलं होतं.

"काय झालं?" तोलकुनने विचारलं.

"काही नाही. चित्र अडकलंय. जुनं यंत्र."

त्याने मान तिरकी केली. स्पीकरमधून पाण्याचा आवाज येत होता, संथ, एकसारखा, कुठेही न तुटणारा.

"यंत्राला कशाला नावं ठेवतोस," तो म्हणाला. "चांगलं चाललंय की. डोळे पूस आणि चल पुढे."

मी डोळे पुसले आणि घोडा तळ्याच्या काठाने पुढे घेतला.